‘सिंहासन’ आणि आपले सभासद



या पानावर मी एरवी बेणं, पाचट, खोडव्याची निगा यांवर लिहितो. या अंकात विषय थोडा बांधाबाहेरचा आहे. या पावसाळ्यात, तोडणीची गडबड नसल्यामुळे, अरुण साधू यांची ‘सिंहासन’ ही कादंबरी आपल्या गट ऑफिसातून बऱ्याच सभासदांनी वाचायला नेली. काहींनी पुस्तक अर्धं ठेवून मोबाईलवर सिनेमाच पाहिला, तेही चालेल. लागणीच्या नोंदी घेत फिरताना बांधावर या पुस्तकाच्या गोष्टी इतक्या निघाल्या, की त्यावर चार शब्द लिहावेसे वाटले.

ज्यांच्या हाती पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधू हे मुंबईचे पत्रकार. त्यांची ‘मुंबई दिनांक’ आधी आली आणि ‘सिंहासन’ १९७७ साली. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांची खुर्ची ओढायला अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे निघालेले आहेत. आमदार इकडून तिकडे होत आहेत, कामगार पुढारी डिकास्टा संपाचा दोर हातात धरून बसला आहे आणि दिगू टिपणीस नावाचा वार्ताहर हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघतो आहे. पुढे १९७९ साली जब्बार पटेल यांनी दोन्ही कादंबऱ्यांवर मिळून सिनेमा काढला, पटकथा विजय तेंडुलकरांची. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. श्रीराम लागू दाभाडे आणि निळू फुले चक्क वार्ताहर! निळूभाऊंना नेहमी पाटील-सरपंचाच्या रूपात पाहिलेल्यांना हे पचायला वेळ लागला.

आता सभासदांची मतं.

पहिला प्रश्न सगळीकडे एकच. “साहेब, हा दाभाडे म्हणजे खरा कोण हो?” चिंचपाड्याच्या बाजूचे एक जुने सभासद तर वहीत यादीच करून बसले होते, पुस्तकातलं नाव एका बाजूला आणि खऱ्या पुढाऱ्याचं दुसऱ्या बाजूला. त्यांचा दोष नाही. पुस्तक आल्यावर वर्षभरातच, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादा पाटलांचं सरकार आतूनच पडलं आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. लोकांना वाटलं, लेखकाला आधीच कळलं होतं. २०१९ ची पहाटेची शपथ झाली, २०२२ ला एक शिंदेच मुख्यमंत्री झाले, तेव्हाही लोकांना ‘सिंहासन’च आठवलं. पण पंचेचाळीस वर्षांत माणसं बदलली तरी पुस्तक लागू पडतं, याचा अर्थ ते एका माणसावर लिहिलेलं नाही. यादी करून हाती काही लागत नाही असं माझं मत आहे. आपण नावं जुळवत बसतो आणि डाव कसा टाकला जातो ते बघायचं राहून जातं.

अमेरिकेतही असंच झालं. तिथल्या रॉबर्ट पेन वॉरन या लेखकाची ‘ऑल द किंग्ज मेन’ ही कादंबरी १९४६ साली आली. खेड्यातला एक साधा माणूस प्रचाराच्या सभा गाजवत गव्हर्नर होतो आणि मग सत्ता त्याला कशी खाते, अशी ती कथा आहे. तिच्यातही सगळं सांगणारा माणूस वार्ताहरच. लोक लगेच म्हणाले, हा तर लुइझियानाचा ह्यूई लाँग! लाँग १९२८ साली त्या राज्याचा गव्हर्नर झाला होता आणि १९३५ साली गोळी लागून मेला. लेखक सांगत राहिला की पुस्तक फक्त त्याच्यावर नाही. वाचकांनी ऐकलं नाही. (जाता जाता, लुइझियाना हे उसाचं राज्य आहे. तिथे हिवाळ्यात कडक थंडी पडते म्हणून ऊस साधारण नऊ महिन्यांतच तोडावा लागतो. आपल्या आडसालीवाल्यांनी विचार करावा!)

दुसरं मत तरुण पोरांचं, आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. “साहेब, सगळं वरच ठरतं. आपण मत देऊन उपयोग काय? कारखान्याच्या सभेला यायचं कशाला, नाश्त्याला?” सिनेमाच्या शेवटी दिगूला वेड्यासारखं हसू फुटतं, ते या पोरांना फार आवडलं आहे. मला विचाराल तर दिगूला हसणं परवडतं. त्याचा ऊस शेतात उभा नाही.

खांडबाऱ्याकडच्या एका ताईंनी मात्र नेमकं बोट ठेवलं. शेअर त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे, जमीन दीड एकर. त्या म्हणाल्या, “भाऊ, एवढ्या मोठ्या पुस्तकात मत देणारा माणूस कुठे आहे?” खरंच आहे. सत्तेवरच्या या कादंबरीत प्रचाराला आणि मतदाराला फारशी जागाच नाही. आपल्याकडे मात्र प्रचार म्हटलं की बाजाराचा दिवस, जीपवरचा कर्णा, मावचीतलं भाषण आणि उमेदवाराचं पाड्यापाड्यावर फिरणं. नंदुरबारला दिल्लीचे पुढारी कितीतरी वेळा आले. इंदिराबाईंच्या सभांच्या आठवणी अजून म्हातारी माणसं सांगतात. यातलं मुंबईच्या पुस्तकात काय येणार? शिवाय आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं बारडोलीकडे ऊस तोडायला जातात. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, तेव्हा हंगाम तोंडावर होता. ज्यांचा संसार कोयत्याबरोबर सरहद्दीपलीकडे गेला, त्यांच्या मताचं काय झालं, यावर कोणी कादंबरी लिहिली तर मी पहिली प्रत घेईन.

तरीही ताईंच्या मताला माझं थोडं उत्तर आहे. मतदार पुस्तकात दिसत नाही ही लेखकाची चूक नाही. मत दिल्यावर मतदार विचारायचा थांबतो, म्हणून तो दिसत नाही. खोली रिकामी सापडली की डाव मांडला जातोच.

हे मी उसाच्या हिशोबात सांगतो, कारण मला तोच येतो. पूर्वी मी दुसऱ्या एका कारखान्यावर होतो, नाव कशाला घ्या. तिथे निवडणुकीच्या वर्षी लागण नोंदीची वही बाजूला पडायची आणि चिठ्ठ्या यायच्या, अमक्याचा ऊस आधी तोडा. ज्याची पाळी मागे ढकलली गेली त्याच्या उसाला तुरा यायचा, दशी पडायची, वजन घटायचं. हा तोटा कधी कोणाच्या भाषणात आला नाही, कारण तो नेहमी एक-दोन एकरवाल्याचाच असायचा. तो बिचारा मुकादमाला हात जोडायचा. वार्षिक सभेत उभं राहून लागणीची तारीख आणि तोडीची तारीख वाचून दाखवणारा एकही मला तिथे भेटला नाही. एकाने जरी वाचली असती तरी चिठ्ठी लिहिणाऱ्याला दहादा विचार करावा लागला असता.

भावाचंही तसंच. प्रचारात जो तो टनामागे आकडा फेकतो. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. तेव्हा आकडा ऐकला की टाळी वाजवण्याआधी विचारावं, उतारा किती धरला, वाहतूक किती धरली, आणि वरचे पैसे कुठून येणार? एवढे तीन प्रश्न आले की भाषण आपोआप आखूड होतं.

आणि आपल्या हातात जे आहे ते ‘सिंहासन’मधल्या आमदारांच्याही हातात नव्हतं. सहकारी कायद्यात सभासदाला एकच मत. शेअर एक असो की पन्नास, ऊस अर्धा एकर असो की चाळीस एकर. वार्षिक सभा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, अहवाल आधी मिळतो. दाभाड्यांना एकेक आमदार फिरवता येतो. हजारो सभासद अहवाल वाचून आले तर कोण कोणाला फिरवणार?

काही सभासदांचा ‘सामना’ सिनेमावर राग आहे. तेंडुलकरांनीच लिहिलेला तो, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. त्यात साखर कारखान्याचा मालक होऊन बसलेला हिंदुराव धोंडे-पाटील आहे. “आमच्या सहकाराची बदनामी केली,” असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास कारखाना उभा केला, तेव्हा सभासद मालक होता. पंचवीस वर्षांत सिनेमावाल्यांना अध्यक्ष मालक दिसू लागला, तर चिडायचं कोणावर?

ज्यांना गावाकडचं राजकारण वाचायचं आहे त्यांनी रंगनाथ पठारे यांची ‘ताम्रपट’ घ्यावी. नगरकडची आहे, १९९४ साली आली आणि १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. सहकार, पुढारी, कार्यकर्ते, सगळं त्यात आहे. वाचायला जड आहे, रात्री दमून आल्यावर दहा पानांच्या वर जात नाही, पण ‘सिंहासन’मध्ये जे सापडत नाही ते बरंच इथे सापडतं.

‘सिंहासन’च्या दोन प्रती गट ऑफिसात आहेत, ‘ताम्रपट’ची एकच. गाळप सुरू व्हायच्या आत परत कराव्यात, पानावर खताचा हिशोब लिहू नये. आपलं मत पोस्टकार्डावर किंवा कागदावर लिहून शेतकी विभागात द्यावं, पुढच्या अंकात छापू. वार्षिक सभेसाठी प्रश्न असतील तर तेही लेखी द्यावेत, त्यात लागणीची तारीख आणि गट नंबर घालायला विसरू नये.

— ऊस विकास अधिकारी