शिशाविना गोळी आणि नळीचा पीळ

कॅलिफोर्नियातील लसूणघास व बदाम पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना बिळे करून राहणाऱ्या भूखारींचा उपद्रव नवा नाही. ही खार कोवळे पीक कुरतडते, बदाम फस्त करते आणि तिच्या बिळांनी कालव्यांचे बांध आतून पोखरले जातात. सापळे, विषारी धुरी व आमिष यांच्या जोडीला तेथील शेतकरी बारीक नळीची रायफल वापरीत आला आहे. त्या राज्यात १ जुलै २०१९ पासून कोणताही वन्य प्राणी बंदुकीने मारताना शिशाची गोळी वापरण्यास पूर्ण मनाई आहे. २०१३ साली संमत झालेल्या कायद्याची ही अखेरची पायरी होय. पिकाच्या रक्षणासाठी मारलेली खारही या मनाईतून सुटत नाही.

मनाईचे कारण सबळ आहे. शिशाची हलकी गोळी खारीच्या अंगात शिरताच फुटते व तिचे सूक्ष्म कण मांसात विखुरतात. शेतात पडून राहिलेले कलेवर गरुड खातो, काँडोर नावाचे प्रचंड गिधाड खाते, आणि शिसे त्यांच्या रक्तात उतरते. १९८२ साली काँडोर अवघे २२ उरले होते. १९८७ साली रानातील शेवटचा पक्षीही पकडून बंदिस्त जागेत त्यांचा वंश वाढवावा लागला. पुढे रानात सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण शिसेच ठरले. भारतात डायक्लोफिनॅकमुळे गिधाडांचा झालेला संहार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मृत जनावरातून विष कसे पसरते हे वेगळे सांगावयास नको.

परंतु कायद्याने गोळी बदलली, नळी मात्र तीच राहिली. खरी अडचण येथे आहे. रायफलीच्या नळीत आतून नागमोडी नव्हे, तर मळसूत्री चर कोरलेले असतात. त्यांच्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते व भोवऱ्याप्रमाणे तोल राखते. किती इंचांत एक पूर्ण फेरा होतो, त्यावरून पीळ सांगतात. ‘२२ हॉर्नेट’च्या नळीला बहुधा १६ इंचांचा, ‘२२-२५० रेमिंग्टन’ला १४ इंचांचा, तर ‘२२३ रेमिंग्टन’च्या जुन्या शिकारी रायफलींना १२ इंचांचा पीळ आढळतो. अलीकडच्या कित्येक नळ्यांचा पीळ ९, ८ किंवा ७ इंचांइतका घट्ट असतो.

किती पीळ लागेल हे मुख्यतः गोळीच्या लांबीवर ठरते. डब्यावर मात्र ठळक छापलेले असते ते वजन. तांबे शिशापेक्षा हलके. म्हणून ५० ग्रेनची तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीहून लांब होते आणि १४ इंचांच्या सैल पिळात तिचा तोल जाण्याचा संभव असतो. कारखानदारांनी ३५-३६ ग्रेनच्या शिशाविना गोळ्या काढल्या, त्यामागे वजन उतरवून लांबी आवरण्याचा हिशेब आहे. मात्र लांबी सारखी ठेवली तरी कमी घनतेमुळे तांब्याला पीळ थोडा अधिकच लागतो. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली मांडलेल्या सूत्राने, मोठ्या वेगासाठीचा गुणक धरून, ०.२२४ इंच व्यासाच्या व ०.६ इंच लांबीच्या तांब्याच्या गोळीस सुमारे साडेतेरा इंचांचा पीळ लागतो, लांबी ०.७ इंच केली तर पावणेबारा इंचांचा. दशांश इंचाच्या फरकाने जुनी रायफल निकामी ठरते ती अशी! त्यातून थंडीच्या दाट हवेत काठावरची गोळी अधिकच डळमळते.

उलट टोकही ध्यानी घ्यावे. ७ इंचांच्या नळीतून सेकंदाला ३,५०० फूट वेगाने सुटलेली गोळी मिनिटाला ३,६०,००० फेरे या गतीने फिरते. पातळ वेष्टणाची, फुटण्यासाठीच घडविलेली हलकी गोळी एवढ्या गतीने हवेतच विस्कटू शकते.

लक्ष्यपत्रावर वाटोळ्या छिद्राऐवजी लांबट फाटलेले छिद्र दिसले, म्हणजे गोळी आडवी गेली असे समजावे. शेतकरी तेथे तांब्याला दोष देतो, आणि उरलेली शिशाची काडतुसे पुन्हा कपाटातून काढण्याचा मोह त्याला होतो. दोष तांब्याचा नसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. नळीचेही तसेच, तिचा पीळ बदलता येत नाही, म्हणून गोळीच तिच्याजोगी निवडावी लागते. तेव्हा तेथील विस्तार कार्यकर्त्याने मनाईचे पत्रक हाती देऊन थांबणे पुरेसे नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, साफ करावयाच्या फिरत्या मुठीच्या गजाला घट्ट बसणारी चिंधी लावावी, गजावर खूण करावी व तो नळीत सरकवावा. खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत गज जितका आत जाईल, तितके इंच तिचा पीळ. पाच मिनिटांचे हे काम गोळ्यांचा डबा विकत घेण्यापूर्वी व्हावे. काही कारखानदार लांब गोळ्यांच्या डब्यावर आवश्यक पीळ छापतात. शिशाविना प्रत्येक डब्यावर तो छापणे सक्तीचे करावयास हवे होते. शिशाला मनाई करणाऱ्या कायद्यात तेवढे एक कलम अधिक असते, तर पुष्कळ काडतुसे वाया गेली नसती, आणि जखमी होऊन बिळात मरणाऱ्या खारीही कमी झाल्या असत्या.