फाईल सरकवणारे

परवा एका भोजनप्रसंगी एक निवृत्त शास्त्रज्ञ मला म्हणाले, "निर्मिती आमची, तुम्ही मंडळी फाईल सरकवता." मी हसून विषय बदलला. ते चुकले माझे.

शुम्पीटरने १९११ च्या ग्रंथात सांगितले की आर्थिक नवनिर्मिती म्हणजे असलेल्याच घटकांची नवी जुळणी. ही कसोटी मान्य असेल, तर १९७२ साली स्थापन झालेला अंतराळ आयोग ही निर्मितीच होय. विभागाचे मुख्यालय दिल्लीत नव्हे, बंगळूरला. हरकत काढणारा वित्त सदस्य आयोगातच, म्हणजे निर्णयाला बांधलेला. त्याच वर्षी इस्रोची धुरा घेणारे सतीश धवन भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकही राहिले. कोणी म्हणेल, हा साचा तर १९५८ च्या, मुंबईतून चालणाऱ्या अणुऊर्जा आयोगाचा! असेना. ओवीही ज्ञानेश्वरांच्या आधी होतीच.

१० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात कोसळले. पत्रकारांना सामोरे गेले ते धवन. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण साधले, तेव्हा त्यांनी प्रकल्प संचालक कलामांना पुढे केले. ही कथा आपण मनाच्या मोठेपणाची म्हणून सांगतो. मला तीत रचना दिसते. अपयशाची चौकशी खरी व्हायची असेल, तर झडप कुठे अडकली हे सांगणाऱ्या अभियंत्याला भय वाटता कामा नये. ते भय दूर करणे हेही प्रकल्पाचेच काम, आणि ते कोणत्याही आराखड्यात काढलेले नसते.

मग आम्ही अधिकारी हा मान मागत का नाही? विनयामुळे नव्हे. 'आम्ही केवळ नियम पाळतो' असे म्हणण्यात सोय आहे. निर्मात्याला आपली कृती बिघडल्याचे उत्तर द्यावे लागते. फाईल सरकवणाऱ्याला कोण विचारतो?

माझेच पाहा. एका नेमणुकीत एका प्रयोगशाळेचा प्रस्ताव माझ्यापुढे आला. उपकरण बनवणारा जगात एकच. एकमेव उत्पादकाकडून खरेदी करण्याची तरतूद नियमांत होती. तरी तीन दरपत्रके मागणारी हरकत माझ्या सहीने गेली. लेखापरीक्षणाची धास्ती, दुसरे काय! पत्रव्यवहारात चौदा महिने सरले. माझ्या टिपणात एकही चूक कोणाला सापडली नाही. उपकरण पोहोचले, तेव्हा ते मागणारी संशोधिका नोकरी सोडून परदेशी गेली होती, आणि पेटी कित्येक दिवस व्हरांड्यात तशीच पडून होती.