कराचें ओझें कोणाच्या खांद्यावर?

कर हा शब्द ऐकतांच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. कर देणें म्हणजे आपली कमाई कोणीतरी ओढून नेणें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती योग्य नाहीं. रस्ते, पूल, दवाखाने, शाळा, न्यायालयें हें सर्व कराच्याच पैशावर चालतें; कर नसेल तर राज्यहि नाहीं. तेव्हां कर असावा कीं नसावा हा प्रश्न नव्हे. तो कोणीं किती द्यावा, हा खरा प्रश्न आहे. धट्ट्याकट्ट्या माणसाच्या खांद्यावर मणभर ओझें आणि लहान मुलाच्या डोक्यावरहि मणभर ओझें, याला कोणी समता म्हणणार नाहीं. या दृष्टीनें आपल्या राज्याच्या करांकडे विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं एकदां पाहावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या भागांत शाळेच्या एकाच बाकावर दोन प्रकारच्या घरांतील मुलें बसतात. एकाचे आजोबा जवाहरनगरच्या आयुधनिर्माणींतून किंवा एखाद्या सरकारी कचेरींतून निवृत्त झालेले असतात. दरमहा पेन्शन, बँकेंतील ठेवींचें व्याज, कदाचित् भंडाऱ्यास भाड्यानें दिलेलें एखादें घर. दुसऱ्याची आजी अजूनहि रोवणीच्या दिवसांत चिखलांत उभी राहते आणि उन्हाळ्यांत तेंदूपानें गोळा करिते. राज्य सरकार या दोन घरांकडून काय घेतें?

आपल्या राज्यघटनेनें, शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे ठेविला आहे. म्हणून पेन्शन, व्याज व भाडें यांवर आयकर पडलाच तर तो केंद्राचा. राज्याच्या हातीं राहतात ते मुख्यतः वस्तु व सेवा करांतील वांटा, पेट्रोल, डिझेल व दारू यांवरील कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर, जमीन महसूल आणि व्यवसाय कर. यांतील मोठे कर मिळकतीवर नसून खर्चावर आहेत, आणि येथेंच सर्व मेख आहे. मजूर जें मिळवितो तें सगळें खर्च करितो. त्याच्याजवळ शिल्लक म्हणून उरत नाहीं. सधन निवृत्त गृहस्थ मिळकतीचा कांहीं भाग खर्च करितो व उरलेला ठेवींत टाकतो. त्या उरलेल्या भागाला राज्याचा खर्चावरील कर शिवतहि नाहीं. साबणाच्या एका वडीवर दोघेहि सारखाच कर देतात. पण एकाला तो रांजणांतील थेंब, तर दुसऱ्याला ओंजळींतील घोट.

हा प्रश्न आजचा नाहीं. इंग्रजी अमदानींत मिठावर कर होता. मीठ रावाला व रंकाला सारखेंच लागतें. किंबहुना उन्हांत घाम गाळणारास अधिकच लागतें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलतांना, सरकारची शिल्लक वाढत असतां प्रजा मात्र दारिद्र्यांत आहे, हें आकडे देऊन दाखविलें आणि मिठावरील कराविरुद्ध गाऱ्हाणें मांडलें. दर मणास अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्यें दोन रुपये, १९०५ मध्यें दीड रुपया व १९०७ मध्यें एक रुपया झाला. पुढें तो पुन्हां वाढला. १९३० सालीं महात्मा गांधींनीं दांडीस मीठ उचललें, आणि १९४७ सालीं तो कर उठला. कराचा अन्याय शांतपणें, आकडे मांडून व धीर धरून दाखविला तर तो दूर होऊं शकतो, हा यांतील धडा आहे.

आतां आजची स्थिति पाहूं. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला. राज्यांतल्या राज्यांत होणाऱ्या विक्रीवर याचा अर्धा भाग केंद्राचा व अर्धा राज्याचा. मीठ, ताजी भाजी व सुटें धान्य यांवर हा कर नाहीं, ही चांगली गोष्ट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, केसांचें तेल, दांतांची पेस्ट यांवरील दर शेंकडा १८ वरून ५ वर आला, हेंहि गरिबांच्या हिताचें झालें. परंतु १८ जुलै २०२२ पासून, छापील चिठ्ठी लावलेल्या २५ किलोंपर्यंतच्या बंद पिशवींतील तांदळावर शेंकडा ५ कर बसला. पिशवी त्याहून मोठी असली तर कर नाहीं. म्हणजे ज्याला तीस किलोंचें पोतें एकदम घरीं आणण्याची ऐपत आहे त्यास सूट, आणि जो आठवड्याच्या मजुरींतून पांच किलोंची पिशवी घेतो त्यास कर! भाताच्या या जिल्ह्यांत तरी ही विसंगति कोणास समजावून सांगावी लागूं नये.

व्यवसाय कराची कथा अधिक बोधप्रद आहे. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना निघाली. १९६५ मध्यें सांगली जिल्ह्यांतील विसापूर येथें तिचा पहिला प्रयोग झाला आणि १९७२ च्या दुष्काळांत ती राज्यभर पसरली. तिच्या खर्चासाठीं १९७५ सालीं नोकरदार व धंदेवाईक यांजवर व्यवसाय कर बसविण्यांत आला. शहरांतील पगारदारानें द्यावें आणि खेड्यांतील बेकार हातांस काम मिळावें, असा हा सरळ व्यवहार होता. कर म्हणजे बंधुभाव कसा होऊं शकतो, याचें इतकें चांगलें उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं.

परंतु हेतु कितीहि चांगला असला तरी वांटणीकडे पाहिलेंच पाहिजे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानें या कराची कमाल मर्यादा वर्षास २,५०० रुपये ठरविली आहे. १९८८ पूर्वीं ती २५० रुपये होती. आज पुरुषाचा पगार महिना दहा हजारांच्या वर गेला कीं त्याला हे २,५०० रुपये द्यावे लागतात, आणि महिना तीन लाख मिळविणाराहि तेवढेच देतो. पहिल्याच्या मिळकतींतून शेंकडा दोन रुपये जातात; दुसऱ्याच्या मिळकतींतून शेंकडा सात पैसे! शिवाय ६५ वर्षें पूर्ण झालीं कीं हा कर माफ होतो. मग तो म्हातारा रखवालदार असो वा नामांकित वकील. आणि केवळ पेन्शन व व्याज यांवर राहणारास तर हा कर लागूच नाहीं.

यावर कोणी म्हणेल, “निवृत्त माणसानें जन्मभर कर भरला, आतां तरी त्याला सुखानें राहूं द्या.” या म्हणण्यांत तथ्य आहे. म्हातारपणीं आजार वाढतात आणि महागाई पेन्शन खाऊन टाकते. पण म्हातारपण एकट्या श्रीमंतांस येत नाहीं. श्रावणबाळ योजनेंतील निराधार वृद्धास २०२३ च्या वाढीनंतर दरमहा १,५०० रुपये मिळूं लागले. त्यांत तो काय खाणार व काय औषध घेणार? सवलत वय पाहून न देतां गरज पाहून द्यावी, एवढेंच माझें म्हणणें आहे. एस्. टी. मध्यें ७५ वर्षांवरील वृद्धांस २०२२ पासून तिकीट माफ झालें. ही सवलत मला पसंत आहे; कारण मोटारवाला तिचा क्वचितच लाभ घेतो, आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यांत जाणाऱ्या गरीब म्हातारीला तिचा खरा आधार होतो.

मग करावें काय? स्त्रियांस २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर माफ झाला. तीच मर्यादा पुरुष मजुरासहि लावावी, आणि वरची मर्यादा वाढवून मोठ्या मिळकतवाल्याकडून अधिक घ्यावें. लहान पिशवींतील धान्य करमुक्त करावें. वारसाहक्कानें मिळणाऱ्या इस्टेटीवरील कर १९८५ सालीं गेला व संपत्तिकर २०१६ पासून उठला. त्यांची वसुली थोडी व कटकट फार होती, हें खरें. पण साठविलेल्या धनानें कांहींच देऊं नये आणि रोजच्या भाकरीनें मात्र द्यावें, हें कोणत्या न्यायांत बसतें?

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील कोणी उद्यां तहसिलदार होईल, कोणी आमदार, कोणी व्यापारी. जो व्यापारी होईल त्यानें पावती द्यावी व कर चुकवूं नये. चुकविलेल्या कराचा भार शेवटीं दुर्बळाच्याच माथीं येतो. जो कायदा करील त्यानें कलम लिहितांना आपल्या बाकावरील शेजाऱ्याची आठवण ठेवावी. पालकांपैकीं जे सुखवस्तु निवृत्त आहेत त्यांस एवढीच विनंती कीं, आपणांस मिळालेली सवलत हा आपला हक्क न समजतां ठेव समजावी, आणि तिचा कांहीं अंश शेजारच्या मुलाच्या पुस्तकांसाठीं खर्च करावा. कायदा सुधारण्यास वर्षें लागतील. यास एक दिवसहि लागत नाहीं.