चावडीवर विचारलेला प्रश्न

१९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे परिसरातील पाच जिल्ह्यांच्या १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालविली. आठवड्यातून दोनदा मंडळी रेडिओभोवती जमत, ऐकलेल्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. प्रयोगाचे मर्म या उलट विचारणेत होते. त्याच्या कितीतरी आधी सत्यशोधक जलशांनी सावकारी पिळवणूक तमाशाच्या ढंगात मांडून निरक्षर रयतेला विचारास प्रवृत्त केले होते.

भांडवलाप्रमाणेच माहितीचेही वाटप विषम असते. आज मोबाईलवर संदेश येतो. परंतु त्याला प्रतिप्रश्न करता येत नाही. महाराष्ट्रात २०२३ साली सुरू झालेली एक रुपयातील पीकविम्याची सवलत २०२५ साली बंद झाली आणि भरपाई पीककापणी प्रयोगांच्या आधारे ठरविण्याचा निर्णय झाला. एकट्याच्याच शेतात पाणी शिरले, तर मंडळाच्या सरासरीत त्याचे नुकसान कसे दिसणार? हे त्याने कोणाला विचारावे?

म्हणून असे निर्णय कलापथकांनी चावडीवर खेळून दाखवावेत, आणि त्यांचा खर्च शासनाने उचलावा. संहितेवर मात्र हुकमत गाजवू नये. खेळ संपताच कृषी अधिकाऱ्याने तेथेच बसून उत्तरे द्यावीत. अनुत्तरित प्रश्न ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदले जावेत. त्याखेरीज प्रबोधनाची भाषा म्हणजे निव्वळ जाहिरात होय.