'आमच्या आज्ज्याला कुठं काय झालं?' : मावा, जनुकं आणि कॅन्सरचं गणित

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीच्या आसपास कुठल्याही पानटपरीवर थोडा वेळ थांबा, हा वाद कानावर पडतोच. एक जण मावा चोळत असतो, दुसरा त्याला 'सोड की आता' म्हणतो आणि उत्तर ठरलेलं येतं, "आमचा आज्जा नव्वदीपर्यंत तंबाखू खात हुता. त्याला कुठं काय झालं? आमच्या रक्तातच हाय ते पचवायचं."

आता या रक्ताच्या दाव्याला मोबाईलवरच्या जाहिरातींची जोड मिळाली आहे. घरबसल्या डबीत लाळ भरा, कुरिअरने पाठवा आणि तुमच्या जनुकांत कॅन्सरचा धोका किती ते अहवालात वाचा. म्हणजे आज्ज्याचं उदाहरण पुरत नसेल तर सही-शिक्क्याचा कागदही मिळणार.

अडचण अशी आहे की 'पचवण्याची ताकद रक्तात असते' हे म्हणणं पूर्ण खोटं नाही. त्यात तथ्य आहे, पण ते टपरीवर सांगतात तसं नाही.

विष बाहेर टाकण्याचे दोन टप्पे

तंबाखूतले आणि धुरातले बरेचसे कॅन्सरकारक पदार्थ शरीरात जातात त्या मूळ रूपात फारसं नुकसान करत नाहीत. ते पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यामुळे लघवीवाटे सहज निघून जात नाहीत. मग शरीरातली एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक कामं उरकणारी प्रथिनं, त्यांच्यावर काम सुरू करतात.

पहिल्या टप्प्यात 'सायटोक्रोम पी-४५०' या कुटुंबातली एन्झाइम्स त्या रेणूला ऑक्सिजन जोडतात. हेतू चांगला असतो, पण मधल्या मध्ये तयार होणारा पदार्थ मूळ पदार्थापेक्षा जास्त घातक निघतो. धुरातल्या बेन्झोपायरीनचं असंच होतं. सीवायपी१ए१ नावाचं एन्झाइम त्यावर काम करतं आणि त्यातून निघालेलं रूप थेट डीएनएला जाऊन चिकटतं. चघळायच्या तंबाखूतल्या नायट्रोसअमाईन्सनाही हेच कुटुंब जागं करतं.

दुसऱ्या टप्प्यात 'ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज', थोडक्यात जीएसटी, अशी एन्झाइम्स त्या घातक रूपाला पकडून निष्प्रभ करतात आणि बाहेर काढायला लावतात.

पहिला गट चपळ आणि दुसरा मंद असेल, तर मधला घातक पदार्थ पेशीत जास्त वेळ रेंगाळतो. कोणता गट किती चपळ, हे बऱ्याच अंशी आई-वडिलांकडून येतं. जीएसटीएम१ हे जनुक तर कित्येक माणसांत मुळातच नसतं, दोन्ही प्रती गायब. युरोपात सुमारे निम्म्या लोकांत ते नसतं. भारतात हे प्रमाण कमी आहे, बऱ्याच अभ्यासांत २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान. अशी माणसं आजारी नसतात. ती तुमच्या-आमच्यासारखीच असतात आणि त्यांना आपल्यात एक जनुक कमी आहे याचा पत्ताही नसतो.

हे सगळं परदेशातलं का?

नाही. मुंबईच्या कॅन्सर संशोधन संस्थेत, जी आज खारघरला 'ॲक्ट्रेक' म्हणून टाटा मेमोरियल सेंटरचा भाग आहे, डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाचा कॅन्सर आणि जीएसटी जनुकं यांचा संबंध तपासून २००२ मध्ये प्रसिद्ध केला. २००७ मध्ये तिथूनच सीवायपी१ए१, जीएसटीएम१ आणि जीएसटीटी१ या तीन जनुकांवरचा अभ्यास आला. त्याच्या शीर्षकातच मुद्दा आहे : धोका कमी-जास्त करणारी गोष्ट म्हणजे तंबाखूचं प्रमाण. कोल्हापूरहून महामार्गाने दीडेक तासावर असलेल्या कराडच्या कृष्णा संस्थेतही डॉ. कैलास दातखिळे यांच्या गटाने दक्षिण-पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णांवर याच जनुकांचं काम केलं आहे. म्हणजे आपल्याच भागातल्या माणसांच्या रक्ताचे नमुने या संशोधनात आहेत.

या विषयावरचे जगभरचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. कुठे एखादं जनुक धोका वाढवतं, कुठे फरकच दिसत नाही. पण जिथे फरक दिसतो तिथे तो साधारण दीडपट, फार तर दुप्पट असा असतो. छातीच्या आणि बीजाशयाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए जनुकाचा दोष सापडला तर धोका कितीतरी पटींनी वाढतो, ते प्रकरण वेगळं. लोक दोन्हींना 'कॅन्सरचं जनुक' म्हणतात आणि सगळा घोळ तिथूनच होतो.

दीडपट म्हणजे नेमकं किती, हे हिशेबापुरत्या काल्पनिक आकड्यांनी पाहू. समजा तंबाखू न खाणाऱ्या हजार माणसांत एकाला तोंडाचा कॅन्सर होतो आणि खाणाऱ्या हजारांत आठ जणांना. आता ज्यांच्यात जनुक गायब आहे त्यांचे आकडे दीडपट करा. न खाणाऱ्यांत एकाचे दीड झाले, खाणाऱ्यांत आठाचे बारा. उलट बाजूने पाहा : 'चांगलं' जनुक असलेला खाणारा आठवर आहे आणि 'वाईट' जनुक असलेला न खाणारा दीडवर. जनुकाने जेवढं दिलं त्याच्या कैकपट टपरीने काढून घेतलं.

आणि तो आज्जा? नव्वदीपर्यंत जगलेला आज्जा कट्ट्यावर बसलेला सगळ्यांना दिसला. त्याच्यासोबत तंबाखू मळणारे जे पंचावन्नाव्या वर्षी गेले, त्यांचं उदाहरण द्यायला ते कट्ट्यावर नाहीत. शिवाय आज्ज्याकडून नातवाकडे जनुकांचा जेमतेम चौथा हिस्सा येतो. नेमकं हवं तेच जनुक त्या हिश्शात आलं असेल, हे कशावरून?

'चांगलं जनुक' असं काही असतं का

या विषयातली सर्वात मजेदार, आणि जाहिरातींना अडचणीची, गोष्ट इथे आहे. एनएटी२ नावाचं एक एन्झाइम आहे. १९५० च्या दशकात टीबीसाठी आयसोनियाझिड हे औषध आलं, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही रुग्णांच्या अंगातून ते झटपट जातं आणि काहींच्या अंगात रेंगाळतं. त्यामागचा फरक एनएटी२ चा निघाला. भारतात मंद गटातली माणसं निम्म्याहून जास्त आहेत.

हेच एन्झाइम ॲरोमॅटिक अमाईन्स नावाच्या पदार्थांवर काम करतं. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो, हे जर्मनीत लुडविग रेन या सर्जनने १८९५ मध्येच नोंदवलं होतं. त्यामागे हेच पदार्थ होते आणि त्यातले काही सिगारेटच्या धुरातही असतात. स्पेनमधला एक मोठा अभ्यास २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात मंद एनएटी२ वाल्यांना मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका १.४ पट दिसला, आणि तो प्रामुख्याने सिगारेट ओढणाऱ्यांत. धूर नसेल तर मंद एन्झाइमला अडवायला तिथे काही नसतंच.

मग मंद म्हणजे वाईट? थांबा. निखाऱ्यावर किंवा तव्यावर करपलेल्या मांसात वेगळ्या जातीचे अमाईन्स तयार होतात. त्यांच्या बाबतीत चपळ एनएटी२ वाल्यांनाच मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका जास्त असावा, असं काही अभ्यास सुचवतात. पुरावा पक्का नाही, पण दिशा उलटी आहे. (पांढरा रस्सा उकळून होतो, त्यामुळे कोल्हापूरकरांनी लगेच घाबरायचं कारण नाही.) म्हणजे एकाच एन्झाइमचा एकच प्रकार एका अवयवाला तारक आणि दुसऱ्याला मारक ठरू शकतो. अहवालात 'कमी धोका' असा हिरवा ठिपका असेल, तर कोणत्या पदार्थासाठी आणि कोणत्या अवयवासाठी, हे विचारायला हवं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी' या कंपनीला आरोग्य-धोक्याचे अहवाल विकणं थांबवायला लावलं, तेव्हा काळजी हीच होती की अशा कागदावर विसंबून माणूस चुकीचा निर्णय घेईल.

मला यात आणखी एक धोका दिसतो. बोलणं जनुकांवर आलं की जबाबदारी हळूच मालावरून माणसावर सरकते. फाउंड्रीतलं काम कॅन्सरकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था सांगते, आणि कोल्हापुरात फाउंड्री हा मोठा धंदा आहे. 'ज्याचं जनुक बळकट त्यालाच भट्टीवर ठेवा' असं उद्या कुणी म्हणालं, तर धूर तसाच राहील, फक्त माणसं बदलतील.

मग टपरीवर काय बदलायचं

महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे आणि ती वर्षावर्षाने वाढवली जाते. तरी २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खात होते. मावा तर टपरीवरच चोळून मिळतो. 'मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' म्हणणाऱ्यांसाठी सांगायचं तर सुपारी एकटीही २००४ पासून कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. सुपारीने तोंडाचं अस्तर कडक होतं, तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे आरशासमोर पाहता येतं. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात तोंड दाखवा. तिशी ओलांडलेल्यांची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमातच येते. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे.

या तपासणीला लाळेची डबी लागत नाही, बॅटरी आणि चांगला उजेड पुरतो. केरळात तिरुवनंतपुरमला १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये निकाल आला तेव्हा तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले होते. त्यातल्या कुणाचंही जनुक तपासलेलं नव्हतं.