गेलेल्याचं नाव घ्या

घरातलं माणूस गेलं की पहिले तेरा दिवस सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. कसं झालं, कधी कळलं, दवाखान्यात जवळ कोण होतं, शेवटचं काय बोलले. मग तेरावा उरकतो, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि बोलणं एकदम थांबतं. त्यानंतर भेटायला येणारा दारातच सुनेला नाहीतर थोरल्या मुलाला हळूच विचारतो, "आता कशा आहेत?" आणि आत येऊन पाऊसपाण्याच्या गप्पा मारतो. वडीलधारी मंडळी लहानांना बजावतात, "त्यांच्यासमोर विषय काढायचा नाही." हे मायेपोटीच सांगितलं जातं, याबद्दल मला शंका नाही. तरीही हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यानं माणसांचं नुकसान होतं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

विषय काढू नये म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, बाई आत्ता कुठे दोन घास खायला लागली आहे, नाव काढलंत तर पुन्हा रात्र रात्र जागेल, तेव्हा खपली धरू द्या. काही जण धर्माचा आधार घेतात. मागे राहिलेल्यांनी फार रडलं तर गेलेल्याचा जीव अडकतो, आणि शहाण्यानं शोक करू नये हे तर गीतेतच सांगितलं आहे. अलीकडे शिकलेली मंडळी मानसशास्त्राचं बोट धरतात. शोकाचे पाच टप्पे असतात, शेवटचा टप्पा स्वीकाराचा, माणसाला तिथवर जाऊ द्या, मागे ओढू नका.

खपलीचं आधी बघू. आपण नाव काढल्यामुळे आठवण येते, हे यात गृहीत धरलं आहे. जणू आपण बोलेपर्यंत ती माउली विसरून बसली होती! सकाळी चहाचं आधण ठेवताना तिचा हात एक कप जास्त पाण्याकडे जातो. रात्री फाटकाची कडी वाजली की कान टवकारतात. तिला आठवण करून द्यायची गरजच नसते. आपण गप्प बसल्यानं तिचं रडणं थांबत नाही, ते फक्त आपल्यासमोर होत नाही. म्हणजे या गप्प बसण्यात सोय कुणाची झाली, हे ज्यानं त्यानं स्वतःच्या मनाशी तपासावं.

शिवाय नाव टळतं असंही नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. मग दाखल्याच्या प्रती घेऊन बँक, गॅस एजन्सी, वीजबिल, रेशनकार्डावरून नाव कमी करणं, आणि शेती असेल तर तलाठ्याकडे वारसनोंद. प्रत्येक खिडकीवर विचारतात, "मयताचं संपूर्ण नाव?" आणि तिला ते वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सांगावं लागतं. घरात सगळे तिला जपतात आणि बाहेर ते नाव कागदाचं होऊन तिच्यासमोर येत राहतं. ज्याला तिनं मारलेल्या हाका गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायच्या, त्याचं नाव आता मोठ्यानं घेणारे फक्त कारकून उरतात. याला मी जपणूक म्हणायला तयार नाही.

आता गीता. अर्जुनाला शोक करू नकोस असं सांगितलं गेलं ते युद्ध उभं ठाकलं असताना, कोणी मरण्याच्या आधी. त्याच युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला आणि गीता ऐकलेला तोच अर्जुन मुलासाठी धाय मोकलून रडला. कृष्ण शेजारीच होता. त्यानं धीर दिला, पण तुला सगळं सांगूनही रडतोस कसा, असा जाब विचारल्याचं मला महाभारतात आढळत नाही. आणि ज्या ग्रंथात गीता आहे त्याच ग्रंथात स्त्रीपर्व आहे, हे सल्ला देणारे सोयीनं विसरतात. युद्ध संपल्यावर गांधारी कृष्णाला रणभूमी दाखवते. हा दुर्योधन, हा दुःशासन, हा विकर्ण, असं एकेकाचं नाव घेत ती विलाप करते. शत्रुपक्षाच्या अभिमन्यूलाही ती वगळत नाही, त्याच्या प्रेताशी बसलेल्या उत्तरेचं दुःख ती स्वतःच्या तोंडानं सांगते. व्यासांनी अख्खं पर्व या रडण्याला दिलं.

त्याच पर्वाच्या अखेरीला गंगेवर तर्पण चाललेलं असतं. आयुष्यभर ज्याचं नातं लपवलं त्या कर्णासाठी कुंती तिथे तोंड उघडते आणि पांडवांना सांगते की तो तुमचा थोरला भाऊ होता, त्यालाही पाणी द्या. हस्तिनापूर, लाक्षागृह, वनवास, युद्ध, एवढ्या सगळ्यात जे जपून ठेवलं ते तिला तर्पणाच्या वेळी दाबता आलं नाही. मुलाचं नाव घेतलंच जाणार नाही, हे तिला सोसलं नाही. महाभारतातल्या इतक्या प्रसंगांत मला हा सगळ्यात जवळचा वाटतो. आपल्याकडे श्राद्धातही बाप, आजोबा, पणजोबा यांची नावं गोत्रासह मोठ्यानं उच्चारतात. भात, तीळ, दर्भ यांवर श्रद्धा असो वा नसो, एवढं तर दिसतं की हा विधी नाव घेतल्याशिवाय पुरा होत नाही. तेव्हा धर्माचा आधार घ्यायचाच असेल, तर तो बोलण्याच्या बाजूनं घ्यावा लागेल.

पाच टप्प्यांचं थोडक्यात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी ते १९६९च्या पुस्तकात मांडले, ते स्वतः मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले, आणि हे टप्पे सरळ ओळीनं येत नाहीत हे त्यांनीही पुढे सांगितलं. फ्रॉइडनं १९१७मध्ये लिहिलं होतं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्यातून मन हळूहळू काढून घेणं. तीन वर्षांनी त्याची मुलगी सोफी तापाच्या साथीत गेली. १९२९मध्ये, ती असती तर छत्तीस वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्यानं एका मित्राला पत्र लिहिलं. ही जागा कशानंही भरत नाही आणि तसंच असायला हवं, असा त्याचा आशय आहे. बापानं सिद्धान्तकाराला दिलेलं हे उत्तर मला जास्त खरं वाटतं. पुढे १९९६मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी पुस्तकच काढलं, की गेलेल्याशी नातं तोडणं ही बरं होण्याची अट नाही, ते नातं वेगळ्या रूपात चालू राहतं.

आमच्या ओळखीत एक काकू आहेत. मुलगा ऐन पंचविशीत अपघातात गेला. घरात त्याचा फोटो आहे, फोटोला हार आहे, पण नाव कुणी घेत नसे. काही वर्षांनी त्याचा कॉलेजातला एक मित्र पुण्याहून भेटायला आला. बिचारा अवघडून बसला होता. मग एकदम म्हणाला, "काकू, तुम्हाला माहितीये का, तो मेसमध्ये तुमच्या लसणीच्या चटणीचे चमचे मोजून द्यायचा. एकाला एकच." काकू आधी रडल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, "मोजून? घरी तर अर्धी बरणी एका जेवणाला लागायची त्याला." तो मुलगा दोन तास बसला. तो निघून गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "आज इतक्या वर्षांनी मला त्याच्याबद्दल काहीतरी नवीन कळलं." हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या मनातला उरलासुरला किंतु गेला. आईजवळ मुलाच्या आठवणींचा जो साठा असतो त्यात तो गेल्यावर भर पडत नाही. ती घालू शकतात फक्त बाकीचे, ज्यांच्यापाशी तिनं न ऐकलेल्या गोष्टी आहेत. आणि नेमके तेच विषय नको म्हणून तोंड मिटून बसतात.

ही चुप्पी सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. विधवेच्या अंगावरून कुंकू-बांगड्या काढून तिचं दुःख सगळ्या गावाला दाखवलं गेलं, पण तुझा नवरा कसा होता गं, हे तिला कुणी विचारलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं इतर गावांनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. ते फार मोलाचं काम झालं. प्रथा गेल्यावर जी जागा मोकळी झाली तिथे बोलणं यायला हवं. विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी तर गेलेल्याची चर्चा होते ती १ लाखाच्या मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' एवढीच. तो पावा वाजवायचा का, बैलांवर त्याचा किती जीव होता, हे विचारायला कुणी येत नाही, कारण मरण कसं आलं याचा संकोच आड येतो. जिथे संकोच जास्त, तिथे बोलण्याची गरजही जास्त असते.

सामूहिक पातळीवर हे आपल्याला चांगलं जमतं. ज्ञानदेवांनी १२९६मध्ये समाधी घेतली. दर कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत तो प्रसंग कीर्तनातून पुन्हा उभा केला जातो, पंढरपुराहून नामदेवांची पालखी त्यासाठी येते, आणि सातशे वर्षांपूर्वीच्या त्या निरोपानं समोरच्या वारकऱ्यांचे डोळे भरतात. त्यांना कुणी सांगत नाही की आता यातून बाहेर पडा. वारकऱ्यानं रडून झाल्यावर टाळ उचलावा आणि गावी जाऊन ज्वारीच्या राखणीला लागावं, यात कुणालाच विसंगती वाटत नाही. दुःख बाळगून जगता येतं, हे इतकं उघड दिसत असताना शेजारच्या घरात मात्र आपण उलटं वागतो.

एक आक्षेप मी मान्य करतो. काहींना खरोखर बोलायचं नसतं, आणि ती त्यांची मर्जी आहे. पण ती त्यांना विचारून कळावी, आपण परस्पर ठरवू नये. काहींचं दुःख महिनोन्‌महिने इतकं जखडून ठेवतं की खाणं, काम, माणसं सगळंच सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात अशा लांबलेल्या शोकाची आता स्वतंत्र नोंद आहे. तिथे मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं, गप्पांवर भागणार नाही. बाकीच्या बहुतेकांना मात्र आपल्याकडून उपचार नको असतात.

पहिल्या दिवाळीला त्या घरी फराळ करत नाहीत, नातेवाईक डबा घेऊन जातात. तुम्हीही न्याल. डबा ओट्यावर ठेवून लगेच निघू नका. बसा, आणि गेलेल्याचं नाव घेऊन विचारा, यातलं तो आधी काय संपवायचा. उत्तर आलं तर ऐका. नुसतंच रडू आलं तर बसून राहा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारा.