न ऐकलेल्या गाण्याला टाळी

नील यंगची ‘लाइव्ह ॲट मॅसी हॉल १९७१’ ही ध्वनिमुद्रिका यंदा आम्ही वसतिगृहाच्या खोलीत निदान दहा वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी वाद झाला. एक पक्ष म्हणे, हाच खरा नील यंग. एकटा माणूस, कधी गिटार, कधी पियानो, बस्स! दुसरा म्हणे, ‘काउगर्ल इन द सॅन्ड’ बॅन्डवाचून ऐकणे म्हणजे फोडणीवाचून आमटी. दोन्ही पक्ष माझ्यावर रुसतील असे थोडे लिहायचे आहे.

आधी हकिगत. १९ जानेवारी १९७१ रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये झालेला हा कार्यक्रम. नील यंग तेव्हा २५ वर्षांचा. टोरोंटो हे त्याचे जन्मगाव. १९६६ साली एका जुन्या शववाहिकेत बसून हा पठ्ठ्या नशीब काढायला अमेरिकेत गेला होता. आता नाव कमावून परतला होता. निर्माता डेव्हिड ब्रिग्ज याचा आग्रह होता, की हेच ध्वनिमुद्रण बाजारात आणावे. यंगच्या डोक्यात मात्र ‘हार्वेस्ट’ भरली होती. ती फेब्रुवारी १९७२ मध्ये आली, अमेरिकेत त्या वर्षी सर्वांत जास्त खपली, आणि मॅसी हॉलची रात्र कपाटात पडून राहिली ती थेट २००७ पर्यंत. ब्रिग्ज १९९५ मध्येच वारला होता. आज ऐकताना त्याचा आग्रह कळतो, अशी कबुली यंगने ध्वनिमुद्रिकेसोबतच्या टिपणात दिली आहे. ज्याला द्यायची तो ऐकायला उरला नव्हता.

या कबुलीमुळे पहिल्या पक्षाला भलताच जोर चढतो. ‘अ मॅन नीड्स अ मेड’वर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा डोलारा उभा केला आणि गाणे त्याखाली दबले, इथे नुसत्या पियानोवर ते मोकळे होते, असे त्यांचे म्हणणे. मान्य. पण ‘हार्वेस्ट’मध्ये तो वाद्यवृंद आहे अवघ्या दोन गाण्यांत! ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ तर तिथेही एकट्याने गिटारवर आणि श्रोत्यांसमोरच गायलेले आहे. मॅसी हॉलनंतर अकराच दिवसांनी, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात. (त्याच्या अखेरच्या टाळ्या मध्येच तोडून पुढचे गाणे सुरू होते, ते मला अजून खटकते.) साधे तेवढे सच्चे, हे समीकरण आपण फार घाईने मांडतो. दुसऱ्या पक्षाला एवढेच सांगेन, की ‘काउगर्ल’ मुळात दहा मिनिटांचे. इथे ते चार मिनिटांच्या आत संपते, आणि त्याची चाल किती उदास आहे ते तेव्हा कुठे कळते.

माझे लक्ष मात्र वेधले ते समोर बसलेल्या मंडळींनी. ‘हेल्पलेस’मध्ये आँटॅरिओचे नाव येताच टाळ्या पडतात. आपल्या मुलखाचे नाव गाण्यात आले की कोण खूश होणार नाही? पुढे ‘हार्ट ऑफ गोल्ड’ येते. १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले, गिटार हाती धरणारे पोर हटकून वाजवू पाहते ते गाणे! इथे ते ‘अ मॅन नीड्स अ मेड’ला जोडून पियानोवर येते, आणि ओळखीची एक आरोळी उठत नाही. उठणार कशी? कोणी ते ऐकलेलेच नव्हते. ‘ओल्ड मॅन’ही नवे, ‘नीडल’ही नवे. हे शेवटचे हेरॉइनच्या व्यसनावरचे. त्यामागे यंगचा साथीदार, ‘क्रेझी हॉर्स’मधला डॅनी व्हिटन याची दशा होती. त्या रात्री व्हिटन हयात होता. नोव्हेंबर १९७२ मध्ये तो गेला. आपण ते गाणे त्याचा शेवट ठाऊक असताना ऐकतो. त्या लोकांना पुढचे काहीच ठाऊक नव्हते. तरी ते गप्प बसून ऐकतात, आणि गाणे संपल्यावर टाळ्या वाजवतात.

आता जे सांगायचे टाळत होतो ते. गेल्या वर्षी गॅदरिंगमध्ये आमच्यातलाच एक जण स्वतः रचलेले गाणे गिटारवर म्हणायला उभा राहिला. दुसऱ्या कडव्याच्या आधीच मागून ‘सिनेमातलं म्हण, सिनेमातलं!’ असा गलका झाला. त्या गलक्यात माझा आवाज होता. बऱ्यापैकी मोठा होता. त्याने गाणे तिथेच सोडले, हसून मान डोलावली आणि सिनेमातले म्हटले. वन्समोअर मिळाला.

तो काही नील यंग नव्हे, असे कोणी म्हणेल. नसेलही. पण आम्ही दुसरे कडवे ऐकलेच नाही, तर हे ठरवले कोणी?

परवा मेसमध्ये मी त्याला म्हटले, राहिलेले कडवे म्हणून दाखव. म्हणाला, ‘विसरलो रे.’ आमटी वाढून घेतली आणि परीक्षेचे बोलू लागला. गाण्यांची वही अजून त्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली आहे, हे मला त्याच्या खोलीतल्या सोबत्याकडून कळले.